सलोनीचा निरोप

यवतमाळ, दवाखान्यातून

प्रिय कोकिळाताई,

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. सलोनीला परवा इथे भरती केलं. पाण्यासारखे जुलाब, हातापायांत जोर नाही. सलाइन चालू आहे. तिची आई उशाशी बसून आहे.

तुला ठाऊकच आहे, पोरीचं सारखं पोट दुखायचं, रक्तही कमी, पण अंग भरलेलं. जो तो डॉक्टर तिचं वजन बघून म्हणे, भात सोडा, पोळी द्या. आम्ही ज्वारीची भाकरसुद्धा बंद करून पोळ्याच दिल्या. शेवटी नागपूरला तपासणी झाली तेव्हा कळलं, तिच्या आतड्यांना गहूच सोसत नाही. सिलिॲक म्हणतात या आजाराला. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही लेकरं बहुतेक वाळलेली असतात, म्हणून हिच्या बाबतीत कोणाला शंका आली नाही. सलोनी माझ्या शेजारीच बसली होती.

गहू सुटला आणि तिच्या तोंडावर तेज आलं. अन्न अंगी लागू लागलं तसं वजन आणखी वाढलं. सहावीतल्या पोरी तिला रोडरोलर म्हणत. उमरखेडला पिंटूच्या लग्नात तू लाडानं म्हणालीस, "हिच्या घागऱ्याले मांडवाचंच कापड लागीन वं." सगळे हसले. तीही हसली. मीही हसलो.

आपल्या मारुतीला शनिवारी कोणाचा ना कोणाचा नवस असतोच. गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांचा प्रसाद मी घरी आणतो. प्रसादाला नाही म्हणू नये, म्हणून देवाची माफी मागून मी सलोनीला तो नुसता कपाळाला लावायला सांगितलं होतं. ती लावायची आणि वाटी आत ठेवून यायची. केवढी समजूतदार, असं मला वाटायचं. परवा इकडे आणताना कपडे काढायला तिची पेटी उघडली, तर फ्रॉकांखाली रोडग्यांचे वाळके तुकडे. रोज थोडं थोडं खात होती.

मी विचारलं, "काहून खाल्लं वं माय?"

"ह्या आजारात लेकरं वाळतात न, बाबा."

ताई, आता मारुतीसमोर हात जोडले की काय मागावं तेच सुचत नाही. हिला बरं कर म्हणावं, तर बरं होणं म्हणजे पुन्हा जाडी होणं, असं तिच्या मनानं घेतलंय. आणि मागू नये, तर बाप कशाला झालो?

आज सकाळी नर्सबाईंनी तिला काट्यावर उभं केलं. दोघींनी धरलं होतं, तरी पाय कापत होते. आकडा पाहून ती हसली. कित्येक दिवसांनी हसली. मग मला जवळ बोलावलं आणि तुला लिहायला सांगितलं. फोनवर आत्याला खोटं वाटेल, म्हणाली. लिहून होईपर्यंत डोळे मिटायला तयार नाही, म्हणून तिच्यासमोर बसूनच लिहितो आहे. तिचा निरोप तिच्याच शब्दांत देतो: "आत्याले लिवा, मी बारीक झाली."

तुझाच,
गोपाल