चाळीस नंबरची नळी

१२ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. माझं अक्षर पाहून पाकीट बाजूला टाकू नकोस, आत एक फॉर्म आहे. आईचा गुडघा आता बरा आहे. मीही बरी आहे. निदान परवापर्यंत सगळ्यांना तसंच सांगत होते.

लॅबमध्ये सध्या एक अभ्यास चाललाय. फिट येणाऱ्यांचं रक्त एका गटात, निरोगी माणसांचं दुसऱ्या गटात, आणि दोन्हींतली एन्झाइम्स मोजायची. फिटच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की यकृताला जादा काम पडतं आणि जीजीटी नावाचं एन्झाइम वाढतं. तीन महिने मी रोज हेच मोजतेय.

निरोगी गट जमवायचं काम माझ्याकडे होतं. शेवटचा, चाळिसावा माणूस आलाच नाही. नळीवर नाव नसतं, फक्त नंबर. मी दार लोटून स्वतःची शीर स्वतःच शोधली. चार वर्षांत फिट नाही, म्हणजे मी निरोगीच की, अशी मनाची समजूत घातली. खरं सांगू? एकदा तरी त्या यादीत बसावंसं वाटलं.

चाळीस नंबरचा आकडा नेहमीच्या दुपटीहून जास्त आला. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, हा गृहस्थ रोज दारू ढोसणारा दिसतोय. मीही मान डोलावली. पुन्हा मोजलं, तरी तेवढंच. मग नळ्यांची अदलाबदल झाली असं ठरलं आणि ठपका मशीनवरच्या काकांवर आला. ते यंदा निवृत्त होणार. एकतीस वर्षांत त्यांनी एक नळी इकडची तिकडे केलेली नाही. ते नुसते चष्मा पुसत उभे राहिले. मला ते बघवेना.

"चाळीस नंबर मी आहे," मी म्हणाले. "सोळाव्या वर्षापासून गोळ्या चालू आहेत."

बाईंनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "मग तुम्ही चुकीच्या गटात बसलात," एवढंच म्हणाल्या. नोकरी राहते की जाते, ते सोमवारी कळेल. काकांनी मला चहा आणून दिला आणि माझ्या टेबलाशी बसून राहिले.

आता फिट येणाऱ्यांच्या गटात नाव घालायचं तर हा फॉर्म लागतो. झटका कसा येतो, किती वेळ टिकतो, हे ज्यानं डोळ्यांनी पाहिलं त्यानं लिहायचं. मला काय ठाऊक, मी तेव्हा तिथं असून नसते. आई अजून 'चक्कर'च म्हणते. पहिल्या वेळी शेजाऱ्यांना कळू नये म्हणून ती दार लावायला धावली होती. तू मला कुशीवर वळवलंस आणि घड्याळ पाहिलंस.

नऊ वर्षांपूर्वी माझ्या लग्नाच्या बोलणीत तू हे भर बैठकीत सांगितलंस. स्थळ गेलं आणि मी तुझ्याशी बोलणं टाकलं. तुझं बरोबर होतं असं मी आजही म्हणणार नाही. आधी मला विचारायला हवं होतंस. या वेळी मीच तुला विचारतेय. जे बोललीस म्हणून मी तुला तोडलं, तेच स्वच्छ अक्षरात लिही आणि खाली सही कर.

सहीच्या वर 'रुग्णाशी नातं' असा एक रकाना आहे. तो मी कोरा ठेवलाय. भरायचा की नाही, ते तू ठरव.

तुझी धाकटी बहीण