आत पोचल्यावर उघडणारी नळी

मोहिनीवहिनी,

तुम्हाला वहिनी म्हणायचा हक्क आता उरलाय का, ठाऊक नाही.

गर्भपिशवीतल्या जंतूंचा दिवस राहण्याशी काय संबंध, ते बघायला डॉक्टरांनी नळी घालून तुमच्या पिशवीतलं पाणी घेतलं होतं. तुम्ही ओठ चावून सोसलंत. पण आत जाताजाताच नळीला वाटेतले जंतू लागले आणि नमुना वाया गेला. पुन्हा बोलावल्यावर तुम्ही म्हणालात, "आता न्हाई सोसवत." आई म्हणाली, "तिलाच लेकरू नकोय." दादा उठून बाहेर निघून गेला. तुम्ही उत्रोलीहून वरव्याला माहेरी गेलात, ते परत आलाच नाहीत.

मी इंजिनिअर झाल्यावर नवी नळी केली. ती बारीक आणि मऊ आहे, वर आवरण आहे, पिशवीत पोचल्यावरच उघडते. काल भोरच्या दवाखान्यात वेल्ह्याकडच्या एका मेंढपाळाच्या सुनेसाठी ती पहिल्यांदा वापरली. ती म्हणाली, "झालं व्हय? म्या तर लई भ्याले हुते." सगळे हसले. मला हसता आलं नाही.

तुम्ही पुन्हा लग्न केलंत, त्या घरात लेकरावरून कुणी टोचून बोलत नाही, असं ऐकलं. तिथं हा विषय माझ्यामुळं निघायला नको. म्हणून हे पत्र टाकणार नाही.

एकेकाळची तुमची नणंद,
प्रेरणा