धुऱ्यावरचा गूळ

बा, तुले जाऊन दहा वर्षं झाली. मी समुद्रापलीकडे, वाळूत, सामानाच्या पेटीवर बसून हे लिहून राह्यलो. आमची पलटण दोन देशांच्या हद्दीवर होती. लढायले नाही, निळी टोपी घालून नुसतं मधात बसायले. मले एका जागी बसवत नसे, अन् नोकरी हीच लागली. आता ज्याच्या जमिनीवर होतो त्या देशानंच म्हटलं, उठा. तंबू गुंडाळून झाले. मोठे लोक विमानानं येतात, बोलतात, जातात. पण हद्दीच्या अलीकडचा माणूस पलीकडच्याशी इतक्या वर्षांत एक शब्द बोलला नाही. संत्री विकणारा म्हातारा सकाळी खुणेनं विचारत होता, तुम्ही गेल्यावर इथं कोण बसन? मी पाण्याचा डबा उचलला अन् दुसरीकडे पाहिलं.

तवा तू आठवला. आपल्या तांड्यातल्या काकाची जनावरं गावातल्या एका कास्तकाराच्या कपाशीत शिरलती. दोन्हीकडून कुऱ्हाडी निघाल्या. तू तांड्याचा नायक, दोन वावरांमधल्या धुऱ्यावर खाट टाकून आठ दिवस बसला. काका हसे, "धुऱ्याशी लगन लावलं का, नायक?" तू म्हणे, "मी बसलो तोवर भांडण थांबते रे, मिटत नाही. उठाच्या आंधी दोघाइनं एका ढेपीचा गूळ एकमेकाच्या हातानं खाल्ला पायजे." नवव्या दिवशी तुले ताप भरला, खाटेसकट घरी आणलं. फडक्यात गूळ बांधून तू मले धाडलं. "काकाले अन् त्या कास्तकाराले समोरासमोर उभं कर. मंगच ये."

त्या दिवशी घाटंजीच्या बाजारात पलटणीचे भरतीवाले येणार होते. मी धुऱ्यावर गेलोच नाही. संध्याकाळी तू विचारतो, "खाल्ला का दोघाइनं?" मी म्हणतो, "हो, बा." तू डोळे मिटून घेतो. दोन दिवसांनी तू गेला. तेरावं व्हायच्या आंधीच जनावरं पुन्हा कपाशीत गेली अन् कास्तकाराच्या कुऱ्हाडीनं काकाचा उजवा हात मनगटापासून तुटला. तांडा म्हणे, कास्तकार नायकाचा गूळ खाऊन फिरला. कास्तकार म्हणे, कोणता गूळ? काका दवाखान्यात बेशुद्ध, त्याले कोण विचारणार; अन् कास्तकाराचं कोणी खरं मानलं नाही. मी तिथंच उभा होतो. आठवड्यानं पलटणीत निघून आलो.

ट्रक आला, आवाज देऊन राह्यले. हा कागद कुठं टाकत नाही, खिशातच ठेवतो. काका अजून त्या कास्तकाराच्या सावलीत उभा राहत नाही म्हणतात.

तो गूळ मी बाजाराच्या वाटेवर खाल्ला, बा. सगळा. भूकही नव्हती.