गेली म्हणायचं कधी

प्रिय ढेकळ्या,

फोन उचलत नाही म्हणून तू मला चार शिव्या घातल्या असशील. हक्काच्या आहेत, आणखी दोन घाल. एक गोष्ट तुला सांगायची आहे आणि ती तोंडातून निघत नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय. धीर येईपर्यंत प्रयोगशाळेचं ऐक.

तुझ्या स्टुलावर आता नव्या मॅडम बसतात. मातीची वीट दोन आधारांवर आडवी ठेवायची, मधोमध भार द्यायचा आणि तडा कुठून निघतो ते बघायचं, काम तेच आहे. फक्त तुझ्यासारखं विटेला नाक लावून त्या बसत नाहीत, कॅमेऱ्यातून बघतात. मध्ये पेंढा घातलेल्या विटा आल्या होत्या. नुसत्या मातीची वीट तडा गेला की खलास, पण पेंढ्याची भारी चिवट, तडा जाऊनही भार पेलत राहते. आपलं भांडण आठवतं ना? केसाएवढा तडा दिसला की तू ‘गेली!’ म्हणून ओरडायचास आणि मी भार वाढवायचं हँडल मारत म्हणायचो, गेली कुठे लेका, काटा अजून चढतोय. अहवालात शेवटी पहिल्या तड्याचा आणि मोडण्याचा, दोन्ही आकडे जायचे, पण चहा संपला तरी वाद संपायचा नाही.

तुझी ती आरोळी मॅडमनीही उचलली होती. मी रजेवरून आलो त्या दिवशी पडद्याकडे बघत त्या ‘गेली!’ म्हणाल्या आणि माझा हात हँडलवरून सुटला. चाचणी वाया गेली. तेव्हापासून सगळे ‘तुटली’ म्हणतात, तेही दबक्या आवाजात. मी आलो की त्यांच्या गप्पा थांबतात. माणसं चांगली आहेत रे, पण हल्ली त्यांच्यात बसलं की मला जास्तच एकटं वाटतं.

तुझी वहिनी गेली, ढेकळ्या. दोन महिने होत आले. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली, ॲम्ब्युलन्स दारात येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. खिशातली माती बाहेर झटकून या, म्हणून रोज माझ्यावर खेकसायची. आता तसाच आत येतो. कुणी बोलत नाही. फरशीवर पडलेली माती मीच झाडतो.

बाकीच्यांना मी बजावलं होतं, त्याला कळवू नका, मी कळवतो. तू दर आठवड्याला मेसेजवर विचारायचास, वहिनी काय म्हणतात? मी लिहायचो, मजेत. तुला फसवायचं नव्हतं रे. इथे सगळ्यांच्या लेखी ती ‘होती’ झाली. तू एकटाच उरला होतास, ज्याच्या बोलण्यात ती अजून ‘आहे’ होती. तेवढं मला मोडवेना. पण तू या रविवारी येतोयस, तिच्यासाठी शाल घेतलीयस, म्हणून आज लिहिणं भाग पडलं. बॅग खाली ठेवायच्या आधीच तू नेहमी ‘वहिनी!’ म्हणून आत हाक मारतोस. ती हाक मारू नकोस, असं लिहिणार होतो.

पण मार. या घरात तिला कुणी हाक मारत नाही आता, आणि माझा आवाज फुटत नाही.

तुझाच,
भुश्या