टोपलीला दिलेलं नाव

३ जुलै

पोचले एकदाची. धक्क्यावर योसवाने आधी माझ्या पोटाकडे पाहिलं, मग माझ्या पेट्यांच्या ढिगाकडे, आणि विचारलं, की यातलं आधी काय उतरवायचं. योसवा माझा होडीवाला. सबंध उन्हाळा तोच मला खाणीच्या खाडीत नेणार, आणणार. मला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणतो. अजून झाले नाही म्हटलं, तर म्हणाला, की मग घाई कर, तुझ्याआधी बाळ बाहेर येईल आणि तेच प्रबंध लिहून टाकेल.

राजधानीत, नूकमध्ये, सगळे सांगत होते, पाचव्या महिन्यात कुठे त्या गावात जातेस. पण शिंपल्या गोळा करायच्या त्या उन्हाळ्यातच. खाण बंद होऊन तीस वर्षं झाली, तरी तिचा गाळ खाडीच्या तळाशी बसून आहे. त्यातलं शिसं अजून किती पाझरतंय, ते मला मोजायचं आहे. पोटात बाळ असलेल्या बाईला हे मोजावंसं वाटणारच, असं मी प्राध्यापकांना सांगितलं. मला वाटतं, त्यांना ते पटलं.

राहायला बोलात्ताआजींकडे. पिवळं घर, खिडकीत कुंडी, स्वयंपाकघरात सीलच्या मांसाच्या सुपाचा वास. आल्या आल्या दोन वाट्या खाल्ल्या.

६ जुलै

बोलात्ताआजींचा नवरा यंदाच्या वसंतात गेला. तरुणपणी खाणीत होता, नंतर शिकार करायचा. होडी रिकामी सापडली, खाणीच्या जुन्या धक्क्याखाली. तो सापडला नाही.

गावात त्याचं नाव कुणी घेत नाही. सगळे ‘तो’ म्हणतात, आजी ‘माझा माणूस’ म्हणतात. आमच्याकडे सगळीकडे असंच. गेलेल्याचं नाव नव्या बाळाला मिळेपर्यंत ते तोंडी आणायचं नाही. बाळाच्या ओठांना पाणी लावून एकदा नाव ठेवलं, की माणूस परत आला. मला माझ्या मावशीच्या सासऱ्यांचं नाव मिळालंय, म्हणून सत्तरीची मावशी मला अजून ‘मामंजी’ म्हणते आणि माझ्यासमोर सिगारेट ओढत नाही.

पण या गावात तीन वर्षांत बाळ झालेलं नाही. आज आजींनी माझ्या पोटावर हात ठेवला आणि विचारलं, की देशील का. नाव माझ्या कानात सांगितलं. मी हो म्हटलं. त्या इतक्या रडल्या, की मलाही रडू आलं. मग डोळे पुसून त्यांनी पोटाला दटावलं, की या वेळी तरी जेवायला वेळेवर ये.

११ जुलै

आज टोपल्या सोडल्या. बाहेरच्या स्वच्छ पाण्यातल्या तान्ह्या शिंपल्या जाळीच्या टोपलीत घालायच्या आणि खाणीच्या खाडीत टांगून ठेवायच्या. शिसं त्या आपसूक अंगात भरून घेतात. नंतर कितीही स्वच्छ पाण्यात नेल्या, तरी ते पुरतं सोडत नाहीत.

बाकीचे लोक टोपल्यांना आकडे देतात. आकडे माझ्या लक्षात राहत नाहीत, म्हणून मी नावं देते. पहिली ‘मास्तर’, दुसरी ‘ढमी’, तिसरी ‘मावशी’. योसवा हसून हसून बेजार. शेवटची जुन्या धक्क्याखाली सोडायची होती. तिथे आजींचा माणूस आठवला, मन भरून आलं. टोपलीच्या दोराला बांधलेल्या तरंगत्या डब्यावर मी त्याचं नाव लिहिलं. बादलीतलं गोडं पाणी शिंपल्यांवर ओतून चिखल धुतला, आणि टोपली सोडताना म्हटलं, जा, सेवरिन.

योसवाने इंजिन बंद केलं. मग म्हणाला, की ते नाव राखलेलं होतं. मी म्हटलं, अरे, डबा आहे तो. तो म्हणाला, की पाणी लावलंस, नाव घेतलंस, तान्ह्यांना दिलंस. अजून काय करतात बारशाला?

परतताना एकही थट्टा नाही. मला राग आला त्याचा. त्याहून जास्त माझा.

१२ जुलै

आजींना मी काही सांगितलेलं नाही. योसवानेही नाही, त्याने शपथ घेतली. तरी आज आजींनी कॉफीचे तीन कप काढले. म्हणाल्या, की आज घर रिकामं वाटत नाही.

१९ जुलै

बाळ हललं! जेवताना. बारीक टिचकी मारल्यासारखं. आजींनी लगेच शेजारणींना कॉफीला बोलावलं, केक झाला, सगळ्यांनी आळीपाळीने पोटावर हात ठेवले. फार चांगला दिवस.

एवढंच, की सकाळी उंबऱ्यावर चिखल होता. राखाडी, पिठासारखा बारीक, उन्हात चमकणारा. गावाच्या किनाऱ्यावर तसा चिखल नाही. आजींनी तो पुसला नाही.

२ ऑगस्ट

चिखल आता रोज असतो. उंबऱ्यावर, मग ओट्याशी, मग खिडकीजवळच्या खुर्चीवर. सेवरिनची खुर्ची. आज मी त्यावर शिसं मोजायचं यंत्र धरलं. शिसं, जस्त, दोन्ही खाडीच्या तळाएवढं. कुणाच्या बुटाला लागून येईल म्हणावं, तर आमच्याशिवाय तिकडे कुणी जात नाही. आणि आमचे बूट मी स्वतः धुते.

योसवाला विचारलं. तो म्हणाला, की मला कशाला विचारतेस, नाव तू ठेवलंस, पोर तुझं आहे.

९ ऑगस्ट

सूप. आज सुपात शिंपलीचा तुकडा लागला.

मी इथे आल्यापासून खाणीच्या खाडीतलं काही तोंडात घातलेलं नाही. शिसं आईकडून बाळाला जातं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे! आजींना विचारलं, कुठून आणल्या. त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या, की मी कुठून आणणार, तो आणतो. सकाळी दाराशी पातेलं भरून ठेवलेलं असतं. पूर्वीही ठेवायचा, घरात गरोदर बाई असली की. घरच्या माणसाने आणलेलं टाकतात का? मी रोज थोड्या वाटून घालते, पोरी. तू नाक मुरडशील म्हणून वाटून.

कधीपासून, ते विचारायचं धाडस होत नव्हतं. विचारलं. तू टोपल्या सोडल्यास त्या दिवसापासून, म्हणाल्या.

बाहेर जाऊन ओकले. मग आत येऊन त्यांना टोपलीचं सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी माझा चेहरा हातात घेतला आणि म्हणाल्या, की म्हणूनच लवकर आला होय.

१० ऑगस्ट

शहरातल्या दवाखान्यात जायचं ठरवलं. रक्त तपासून घेते. योसवाही तयार झाला. पण आधी ती टोपली काढायची.

११ ऑगस्ट

‘मास्तर’ आली, ‘ढमी’ आली, ‘मावशी’ आली. ती येत नाही. दोघांनी मिळून ओढली. दोर ताठ होतो, मग सैल, मग पुन्हा ताठ — हाताला धरून कुणी चालतंय, तसा. डब्यावर नाव नाही. पुसलेलं नाही, खरवडलेलं नाही. जिथे लिहिलं होतं तिथे नुसता डबा.

मी ओरडून म्हटलं, नाव परत घेतलं. योसवाने माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाला, दिलेलं नाव परत मागतात का, बाई. त्याचं झालं ते. आणि तू पोटातल्यालाही तेच कबूल केलंयस. खाडीतून फिरून येणार, तर खाडी घेऊनच येणार ना तो.

हे सांगताना तो रडत होता.

१७ ऑगस्ट

खाडीच्या तोंडाशी हिमनग अडकलेत. होडी निघत नाही. हेलिकॉप्टर धुक्यात येत नाही. रोज विचारते.

मी फक्त बिस्किटं खाते, सीलबंद पुड्यातली. आज पुडा फोडला तर बिस्किटांवर राखाडी —

२१ ऑगस्ट

बाळ हलत नाही. कालपासून.

मी त्याच्याशी बोलते. दुसरं नाव देईन म्हणते, कुठलंही, तुला आवडेल ते. अंगाई म्हटली. गोड कॉफी प्यायले, म्हणतात त्याने हलतं. नाही.

२३ ऑगस्ट

नाही. माझं लेकरू. मी नुसती मोजत बसले होते आणि —

योसवा पायी निघालाय, डोंगरावरून, पलीकडच्या गावातून डॉक्टर आणायला. त्याला थांबवायला हवं होतं. एवढ्या धुक्यात. पण थांबवलं नाही.

२४ ऑगस्ट

आज पातेलं दाराशी नव्हतं. खुर्ची कोरडी. उंबरा स्वच्छ. आजी सारख्या दारात जाऊन बघतात. मी विचारलं, तो गेला का. त्या म्हणाल्या, की जाईल कुठे. आत येताना बूट काढले असतील.

हसत होत्या. मला त्यांचा राग नाही येत. वसंतापासून बिचाऱ्या वाट बघत होत्या —

२५ ऑगस्ट

हललं.

टिचकी नाही. वळलं. हळू, जड, होडीच्या तळाला काहीतरी घासून जावं तसं. उठता येत नाही मला, इतकं जड. आतून गार. गारठा पाठीत चढतोय.

यंत्र पोटावर धरलं. आकडा आला. लिहीत नाही.

आजी आल्या. पोटाला कान लावला. लाजल्या, तरुण मुलीसारख्या. आणि पोटाला म्हणाल्या, की कुठे होतास इतके दिवस, कॉफी निवली सगळी.

आतून दारावर मारतात तशी थाप —

आजी म्हणतात, हाक मार, आईने हाक मारली की येतो. मी नाही मारणार. तोंड घट्ट मिटून घेतलंय. पण माझं बाळही तिथेच आहे ना, त्याच्याबरोबर, त्या गार पाण्यात एकटं, मी नाही बोलावलं तर ते कुणाकडे — एकदाच, अगदी हळू — से