वाटपाचं ब्लँकेट

पोरीच्या बाबांना नमस्कार.

मी ठणठणीत आहे. तुमचा खोकला गेला का? औषध घ्या, नखरे नकोत.

आमच्या शाळेनं एका संस्थेबरोबर गरिबांना ब्लँकेटं वाटली. फोटोला गरीब कमी पडले, म्हणून मोठ्या बाईंनी आम्हा झाडूवाल्यांनाच रांगेत उभं केलं. वाटायला वर्गातून निवडली आपलीच पोर. मला म्हणाली, "घ्या, मावशी." मी तिची आई, हे मैत्रिणींना ठाऊक नाही ना.

मी सगळ्यांसमोर विचारलं, "गुणाची गं. आई कुठं असते तुझी?"

खाली बघत म्हणाली, "गावी."

शाळेतून तिचं नाव काढलंय. उद्या गावच्या गाडीत बसवते, उतरवून घ्या. आई गावी आहे ना, शोधू दे. ब्लँकेट तिच्याबरोबर धाडते. जाड आहे, छातीला गुंडाळा.

रडली तर समजूत काढू नका.

तुमची बायको