काकूंच्या निरोपासाठी एक दिवसाचा पॅक

इलारिओनदादास,

टोपी काढून धाकट्या भावाचा नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? बुएनोस आयरेसच्या त्या शिलाई कारखान्यात तुम्हाला खिडकीजवळचं मशीन मिळालं की नाही, याची मला फार काळजी असते. आम्ही इथे देवाच्या कृपेनं बरे आहोत. बटाटे लावून झाले, मेंढीला जुळं झालं, आणि सकाळी सरोवर इतकं शांत असतं की डोंगर खरे कोणते आणि पाण्यातले कोणते हे ठरवण्यात माझा अर्धा तास जातो. (बासिलिआ म्हणते, तेवढ्यात कुणाही नवऱ्याचा गोठा झाडून होतो.)

पत्र पाहून नवल वाटलं असेल. फोन का केला नाही, ते पुढे येईलच.

यंदा सातुर्निनाकाकू जाऊन तिसरं वर्ष, म्हणजे त्यांच्या आत्म्याच्या भेटीचं शेवटचं. सर्व संतांच्या दिवशी दुपारी बाराला त्या येणार, दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला कायमच्या जाणार, आणि निघताना 'जा आई, सुखानं जा' हे पोटच्या मुलानं, म्हणजे तुम्ही, म्हणायचं. तुम्हाला सुटी मिळेना, म्हणून फोनवर चेहरा दाखवून म्हणायचं असं आपलं ठरलं. तेव्हा चांगलंसं इंटरनेट घ्यायला मी बाजाराच्या गावी गेलो. दुकानातली मुलगी, योसेलिन तिचं नाव, फार गोड बोलली. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "काका, घरासाठी हवंय की धंद्यासाठी?"

दादा, तुम्हाला ठाऊकच आहे, मी गावातल्या सगळ्यांच्या मृतांसाठी प्रार्थना म्हणतो आणि लोक मला पाव देतात, केळी देतात. मग हा धंदा झाला का? आणि घर म्हणावं, तर फोन धरणार मी दफनभूमीत, कारण आपल्या गावात सिग्नल सापडतो तो तिथंच, काकांच्या थडग्याच्या डाव्या अंगाला. मी म्हणालो, पोरी, विचार करून येतो. चौकात शेंगदाण्याचं सूप घेऊन बसलो. एक ढग घंटाघराला अडकला होता, तो सुटेपर्यंत बसलो. देवानं मला उद्या विचारलं, तोरिबिओ, तू हे घर म्हणून केलंस की धंदा म्हणून, तर काय सांगणार? सूप निवलं, तसंच पिऊन उठलो.

परत गेलो तर तिनं पुढचे प्रश्न काढून ठेवलेले. वापरणारी माणसं किती? मी विचारलं, "जिवंत धरून?" तिनं जरा निरखून पाहिलं. वेग किती हवा? काकू शेवटी शेवटी काठी टेकत चालायच्या, तेव्हा वेगाचा हट्ट नाही, असं मी सांगितलं. महिन्याचा पॅक, वर्षाचा पॅक, दुकानदारांसाठीचा पॅक, सगळी रंगीत पत्रकं तिनं पत्त्यांसारखी मांडली. शेवटी म्हणाली, "काका, तुम्हाला नक्की किती वेळ लागणार?" मी म्हणालो, आत्मे येतात तेव्हापासून जातात तोपर्यंत, एक दिवस. "मग एक दिवसाचा अमर्याद घ्या की!" एक दिवस आणि अमर्याद! दादा, मृतांना देवानं जे दिलंय, तेच शब्द. माझे डोळे भरून आले. तिनं घाईघाईनं पावती दिली.

सर्व संतांच्या दिवशी दफनभूमीत बाराच्या ठोक्याला पॅक सुरू केला. फोनवरचं ते चक्र बराच वेळ फिरत राहिलं, मग तुम्ही आलात. थडग्याशेजारी मांडलेलं काकूंचं मेज तुम्ही पाहिलंत, पावाची शिडी, ऊस, त्यांचा आवडता वाटाणा. सगळं उत्तम.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला दफनभूमीत पुन्हा तुमचं नाव दाबलं. चक्र फिरू लागलं. कालचा अनुभव असल्यामुळे मी निश्चिंत होतो. फोनचं तोंड थडग्याकडे करून तो वाहिलेल्या कांद्याच्या फुलांत उभा ठेवला आणि प्रार्थना सुरू केली. सगळे तुमच्याशी बोलले. नासारिओमामांनी खडसावलं, "काय रे, तिकडं उपाशी ठेवतात का तुला? गाल बघ कुठं गेलेत!" बासिलिआनं वहिनींना विणकामाबद्दल विचारलं आणि उत्तर न आल्यानं ती थोडी रुसली. बारा वाजायला आले. मी म्हणालो, आता मुलगा बोलेल. सगळ्यांनी टोप्या काढल्या. सरोवरावरून वारा आला, वाळलेलं गवत हललं, आणि इतकं गप्प झालं की मला मेंढ्यांचं चरणं ऐकू येत होतं. तसे आम्ही किती वेळ उभे होतो, सांगता येणार नाही. मग बासिलिआ रडली. नासारिओमामा (कान तुम्हाला ठाऊकच आहेत) म्हणाले, "पोराचा आवाज अगदी बापासारखा झालाय." कांद्याची फुलं उपटली, शोकाचं काळं कापड सोडलं, पाव वाटला, सगळे घरी गेले.

मग मी फोन उचलला. त्यावर कंपनीचा निरोप होता. माझा पॅक रात्री बारालाच संपला होता. त्यांचा दिवस मध्यरात्री संपतो, दादा. मी विचारलं नाही, कारण दिवस कधी संपतो हे दुकानात विचारायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं.

तुम्ही तिकडे मशीन बंद करून फोनकडे बघत बसला असाल. 

आपला धाकटा,
तोरिबिओ

ता. क. फोन दफनभूमीतूनच लागतो आणि तिथं सगळे ऐकतात, म्हणून हे पत्र तिकडे निघालेल्या एका शिलाईवाल्याबरोबर हातोहात पाठवतोय. तुमची बहीण एन्कार्ना त्या दिवशी आजारी होती, ती तुम्हाला फोन करून विचारील, निरोप कसा झाला. कोण काय बोललं ते वर सविस्तर लिहिलंय ते त्याचसाठी. छान झाला म्हणा. गावात सर्वांना वाटतंय तुम्ही बोललात, आणि मी त्यांना तसंच वाटू दिलंय.

आणखी एक. वरचं सोडा. खोटं बोलायला मी तुम्हाला सांगणार, आणि त्याच तोंडानं प्रार्थना म्हणणार, हे जमायचं नाही. एन्कार्नाला मीच सांगेन. पण दादा, ते वाक्य कुणीच म्हटलेलं नाही, म्हणजे काकू अजून निघालेल्या नाहीत. रोज संध्याकाळी मी त्यांच्यासाठी दारात पाण्याचा पेला ठेवतो. पुढच्या वर्षी मी चौथ्यांदा मेज मांडणार. लोक हसतील, हसू देत. सुटी आत्ताच मागून ठेवा. बसनं तीन दिवस लागतात. जाड कोट आणा, इथला वारा तुम्ही विसरला असाल.